टेक्निकलला कोण जाणार?

स्टॅफर्डशायर आणि डर्बीशायरच्या सीमेवर रोस्टर नावाचं लहानसं गाव आहे. तिथे डव्ह नदीच्या काठी लाल विटांची एक जुनी सूतगिरणी उभी आहे. १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड आर्कराइटने ती उभारली. नदीच्या पाण्यावर चाकं फिरायची आणि चाकांवर सूत निघायचं. आर्कराइटच्या गिरण्यांत लहान मुलं राबत, हे इथे शाळेतही शिकवतात. रोस्टरची गिरणी पुढे बंद पडली. २०१० साली त्याच इमारतीत पुन्हा मुलं आली, ती शिकायला. चौदा ते अठरा वयाची मुलं, ऑफिसला जाणाऱ्या माणसासारखे कपडे, दिवस नेहमीच्या शाळेपेक्षा लांब, आणि शिकण्याच्या विषयांत गणित, विज्ञान, इंग्रजीच्या बरोबरीने इंजिनिअरिंग. शाळेचं नाव जेसीबी अकॅडमी.

आपल्याकडे रस्ता खोदायचा असला, विहीर काढायची असली की 'जेसीबी बोलव' म्हणतात, तोच हा जेसीबी. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाने १९४५ साली जवळच्या युटॉक्सिटर गावात भाड्याच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करून पहिली ट्रॉली बनवली, आणि पुढे रोस्टर हे कंपनीचं घर झालं. तळेगावलाही त्यांचा कारखाना आहे. अकॅडमी मात्र कंपनीची खासगी शाळा नव्हे. ती सरकारी पैशावर चालते, फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. अशा शाळांना इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिटी टेक्निकल कॉलेज, थोडक्यात यूटीसी म्हणतात. एक विद्यापीठ आणि आसपासचे कारखाने मिळून शाळेला आधार देतात. कारखान्यातली माणसं खरे प्रश्न घेऊन येतात आणि मुलं ते आठवडेच्या आठवडे सोडवत बसतात. रोस्टरची शाळा ही या प्रकारातली पहिली.

मी बर्मिंगहॅमच्या पूर्वेला राहतो, मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टूलरूममध्ये काम करतो. माझी लेक इयर नाइनला, म्हणजे तेरा-चौदा वर्षांची, होती तेव्हा एक दिवस कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. तुमच्या मुलाला चौदाव्या वर्षी अशा शाळेत जाता येईल, असं त्यात कळवलं होतं. २०१७ पासून कौन्सिलांना असं पत्र पाठवणं भाग पडलं आहे. लेकीने ते माझ्याआधी वाचलं, आणि जेवताना शांतपणे म्हणाली, "बाबा, मला इथे जायचंय." मला फार आनंद झाला. त्या पत्रानंतरच्या काही महिन्यांत माझ्या कानावर जे जे पडलं, त्यामुळे मी या शाळांचा इतिहास वाचायला बसलो. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, तीच इथे मांडतो आहे.

इंग्लंड म्हणजे यंत्रयुगाचं माहेर, तेव्हा तिथे तंत्रशाळांचा दबदबा असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट घडलं. १८५१ च्या लंडनच्या औद्योगिक प्रदर्शनात इंग्लंडने जगाला दिपवलं, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनातून लायन प्लेफेअर हे शास्त्रज्ञ काळजीचं पत्र घेऊन परतले: जर्मनी, फ्रान्स आपल्या पोरांना कारखान्याचं शास्त्र शिकवताहेत, आपण मागे पडतो आहोत. मग समित्या बसल्या, अहवाल आले, १८८९ साली तंत्रशिक्षणाचा कायदा झाला. पण पैसा? तो आला दारूतून. १८९० साली सरकारने बिअर आणि दारूवरचा कर वाढवला. हेतू असा की काही गुत्त्यांचे परवाने रद्द करायचे आणि मालकांना भरपाई द्यायची. दारूबंदीवाल्यांनी इतकी ओरड केली की भरपाईचा बेतच बारगळला. गोळा होणाऱ्या पैशाचं काय करायचं हे कुणालाच सुचेना, तेव्हा तो परगण्यांच्या कौन्सिलांना देऊन टाकला, आणि हवं तर तंत्रशिक्षणावर खर्च करा म्हटलं. लोक त्याला 'व्हिस्की मनी' म्हणू लागले. गावोगावच्या कितीतरी तंत्रशाळा, संध्याकाळचे वर्ग, प्रयोगशाळा या पैशावर उभ्या राहिल्या. मला यात तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. त्या शाळा चांगल्या होत्या, त्यांनी हजारो कारागिरांची आयुष्यं वर आणली. पण देशाने त्यांच्यासाठी म्हणून ताटात काही वाढून ठेवलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या पंगतीत उरलं ते त्यांच्या वाट्याला आलं.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्युनिअर टेक्निकल स्कूल नावाच्या शाळा निघाल्या. तेराव्या वर्षी प्रवेश, दोन-तीन वर्षांचं शिक्षण, आणि मग थेट आसपासच्या कारखान्यात उमेदवारी. कारखानदार त्या मुलांची वाट बघत. १९३८ सालच्या स्पेन्स अहवालाने तर सुचवलं की तंत्रशाळांना ग्रामर स्कूलच्या, म्हणजे निवडक मुलांच्या पुस्तकी शिक्षणाच्या शाळांच्या, बरोबरीचा मान द्या, अकराव्या वर्षीच मुलं घ्या, शिक्षकांना तोच पगार, तशीच इमारत, तीच प्रतिष्ठा. किती शहाणी सूचना! पण पाचच वर्षांनी नॉरवुड समितीचा अहवाल आला, आणि त्यातलं एक प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. समितीने सांगितलं की मुलं तीन प्रकारची असतात. काहींना विद्येसाठी विद्या आवडते, कल्पना, तर्क, भाषा. काहींचं डोकं विज्ञान आणि कला प्रत्यक्षात वापरण्याकडे चालतं. आणि उरलेल्यांना कल्पनांपेक्षा हाताशी असलेल्या ठोस गोष्टी कळतात. पहिल्यांसाठी ग्रामर, दुसऱ्यांसाठी टेक्निकल, तिसऱ्यांसाठी सेकंडरी मॉडर्न, म्हणजे उरलेल्यांची साधी शाळा.

याला कोणताही पुरावा नव्हता. समितीने एकाही मुलाला मोजलं नव्हतं. आधी तीन प्रकारच्या शाळा ठरल्या आणि मग त्यांत बसतील अशी तीन प्रकारची मुलं शोधली गेली. १९४४ चा बटलर यांचा शिक्षण कायदा झाला, त्यात या तीन प्रकारांचा शब्दही नाही, तरी देशभर व्यवस्था याच साच्यात घडली. अकराव्या वर्षी परीक्षा. पास झालेले ग्रामरला, बाकीचे मॉडर्नला. आणि टेक्निकल? अकरा वर्षांच्या पोराचा तांत्रिक कल ओळखणारी परीक्षा कुणाकडे नव्हती. यंत्रं महाग, शिकवणारे मिळेनात, कौन्सिलं आधीच युद्धानंतरच्या पडझडीने गांजलेली. बऱ्याच ठिकाणी टेक्निकल स्कूल निघालीच नाहीत. जिथे निघाली तिथे ग्रामरने वरची मुलं घेतल्यावर मागे राहिलेल्यांतून टेक्निकलने निवडायचं, असा रिवाज पडला. ऐन भरात असतानाही देशातली जेमतेम ४ टक्के मुलं या शाळांत होती. १९६५ साली मजूर सरकारच्या अँथनी क्रॉसलंड यांनी सगळ्यांसाठी एकच सर्वसमावेशक शाळा काढायचं परिपत्रक काढलं, तेव्हा या टेक्निकल शाळा मुकाट्याने त्यांत विरून गेल्या. ग्रामर शाळांसाठी लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. १६३ ग्रामर शाळा आजही उभ्या आहेत. टेक्निकलसाठी कुणी भांडलं नाही.

आता माझं सांगतो, कारण मी स्वतः टेक्निकलचा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी टेक्निकल स्कूल होतं. आठवीपासून आम्ही हायस्कूलमधून तिकडे जायचो. सुतारकाम, फिटिंग, शीट मेटल, भट्टी, इलेक्ट्रिकल, आणि ड्रॉइंग. ड्रॉइंगच्या हॉलमध्ये लाकडी बोर्ड आणि टी-स्क्वेअर. फिटिंगच्या शॉपमध्ये ओळीने व्हाइस, आणि तेल, लोखंडाचा कीस, घाम यांचा एकत्र वास. पहिला जॉब म्हणजे पोलादी पट्टीचा एक तुकडा कानशीने घासून चारही कडा काटकोनात आणायच्या. ऐकायला सोपं आहे. सर जॉबला गुण्या लावून खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत. काही बोलायचे नाहीत, फक्त परत द्यायचे. आपण रेटून घासतो तेव्हा कानस डोलते आणि मधला भाग फुगीर राहतो, हे मला कुणी सांगितलं असतं तरी कळलं नसतं. ते खांद्याला कळलं, मग मनगटाला, आणि सगळ्यात शेवटी डोक्याला. पुढे डिप्लोमाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल शिकताना, इथल्या टूलरूममध्ये मायक्रॉनच्या भाषेत बोलताना, माझ्या डोक्यातल्या प्रत्येक आकड्याखाली त्या पट्टीचा खरखरीत स्पर्श आहे. पुस्तकातलं ज्ञान आणि हाताचं ज्ञान असे दोन कप्पे मला कधी सापडलेच नाहीत. म्हणून नॉरवुडचं ते प्रकरण वाचताना अंगावर काटा आला.

आणि आमच्याकडे टेक्निकल मिळवायला धडपड असायची! सातवीचे मार्क बघून मुलं घेत. उरलीसुरली मुलं तिकडे ढकलली, असं नव्हतं. याचं कारण कारागिरीवरचं प्रेम असतं तर किती बरं झालं असतं, पण कारण साधं होतं. दहावीला टेक्निकल विषय असणाऱ्यांसाठी पॉलिटेक्निकला काही जागा वेगळ्या असायच्या. पॉलिटेक्निक म्हणजे डिप्लोमा, डिप्लोमा म्हणजे उद्यमनगर नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी, नाहीतर इंजिनिअरिंगच्या डिग्रीला दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. शेतकरी बाप हिशेब मांडायचा आणि पोराला टेक्निकलला घालायचा. शाळेच्या दारावर काय लिहिलंय याला फारसं महत्त्व नव्हतं. पोरगं दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं तेव्हा समोर काय असतं, हे लोक बघत होते.

हे सूत्र मी मनात धरलं आणि जपानकडे पाहिलं, तर तिथे ते स्वच्छ दिसलं. जपानने १९६२ पासून 'कोसेन' नावाच्या सरकारी तंत्रशाळा काढल्या. पंधराव्या वर्षी प्रवेश, सलग पाच वर्षं. म्हणजे आपली अकरावी-बारावी आणि डिप्लोमा एकाच छताखाली, एकाच शिक्षकवर्गाकडे, मधे बोर्डाची परीक्षा नाही आणि त्या परीक्षेची शिकवणीही नाही. आज पन्नासहून अधिक कोसेन आहेत. त्या वयाच्या मुलांपैकी १ टक्काच तिथे जातात, तरी कंपन्या दारात उभ्या असतात, आणि ज्याला पुढे शिकायचं त्याला विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला थेट जागा मिळते. तिथली मुलं १९८८ पासून दर वर्षी रोबो बनवून स्पर्धेत उतरतात आणि ती स्पर्धा राष्ट्रीय टीव्हीवर दाखवतात. तिथे कोसेनला जाणाऱ्या पोराला कुणी 'का रे बाबा?' विचारत नाही.

इंग्लंडने मात्र पुढचं दार उघडण्याचे सोहळे पुन्हा पुन्हा केले. १९७६ साली पंतप्रधान जेम्स कॅलहॅन ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात म्हणाले की कारखान्यांना हवी तशी मुलं शाळांतून येत नाहीत, आणि चांगल्या शिकलेल्या मुलांना कारखान्यात जायचंच नसतं. दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांनी सिटी टेक्नॉलॉजी कॉलेजांची घोषणा केली. मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत, कौन्सिलच्या ताब्याबाहेर, थेट केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या तंत्रज्ञानाच्या शाळा. इमारतीचा खर्च उद्योगपतींनी करायचा. वीस शाळांचा बेत होता. उद्योगपतींचा हात खिशाकडे गेला, पण फार खोल गेला नाही, आणि बांधकामाचा बहुतेक भार सरकारी तिजोरीवरच आला. कौन्सिलांनी जागा द्यायला नकार दिला, कारण त्यांच्या शाळा मोडकळीला आल्या असताना एका शाळेवर एवढा पैसा ओतणं त्यांना अन्यायाचं वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. शेवटी पंधराच उघडल्या. पहिली १९८८ साली किंग्जहर्स्टला, माझ्या घरापासून फार लांब नाही. लंडनच्या क्रॉयडनमधलं ब्रिट स्कूल, जिथून अ‍ॅडेल आणि एमी वाइनहाउस या गायिका बाहेर पडल्या, तेही कायद्याने याच कुळातलं, कलेच्या तंत्रज्ञानाचं कॉलेज म्हणून १९९१ साली निघालेलं.

या शाळांपैकी बऱ्याच पुढे नामांकित झाल्या. पण त्यांतून इतरांनी काय उचललं हे बघण्यासारखं आहे. कौन्सिलच्या बाहेरची, थेट सरकारशी करार केलेली शाळा, हा ढाचा २००० नंतर 'अकॅडमी' या नावाने देशभर पसरला, आणि आज इंग्लंडच्या बहुतेक माध्यमिक शाळा त्या ढाच्यात आहेत. म्हणजे कारभाराची पद्धत टिकली. लेथ, वर्कशॉप, तंत्रज्ञान या गोष्टी पातळ होत गेल्या. नव्वदच्या दशकात निघालेल्या टेक्नॉलॉजी कॉलेज योजनेचंही तेच झालं. प्रायोजक आणा, विशेष दर्जा मिळवा. मग त्यात भाषा आल्या, खेळ आले, कला आल्या, आणि जवळजवळ प्रत्येक शाळा कशात ना कशात 'विशेष' झाली. २०१० च्या सुमारास ते वेगळं अनुदानही गेलं.

बेकर मात्र चिकाटीचे. मंत्रिपद गेल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही, आणि वयाच्या सत्तरीनंतर रॉन डिअरिंग या शिक्षणक्षेत्रातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन यूटीसी उभ्या करायला लागले. राजकारणाबद्दल कुणाचं काही मत असो, एका माणसाने आयुष्यभर एका प्रश्नाची पाठ धरावी याचा मला मनापासून आदर वाटतो. इतर शाळा यूटीसीच्या लोकांना मुलांशी बोलू देत नाहीत असं दिसलं, तेव्हा २०१७ च्या कायद्यात त्यांनी एक कलम घालून घेतलं: तंत्रशिक्षण देणाऱ्यांना शाळेत येऊन मुलांशी बोलू द्यायलाच हवं. त्याला लोक बेकर कलमच म्हणतात. शाळेचं दार दुसऱ्या शाळेसाठी उघडायला कायदा करावा लागला, यावरून परिस्थिती समजावी.

कारण उघड होतं. मुलामागे अनुदान मिळतं; मूल गेलं की पैसा गेला. मग कुठल्याही हेडमास्तरने आपली चांगली, गणितात चमकणारी पोरगी चौदाव्या वर्षी दुसऱ्या शाळेला का द्यावी? द्यायचंच तर वर्गात त्रास देणारं, अभ्यासात मागे पडलेलं मूल द्यावं. काही शाळांनी तसंच केलं. यूटीसी नुकत्या उघडलेल्या, बाके कोरी, यंत्रं लाखो पौंडांची, आणि येणाऱ्यांत बरीच मुलं अशी, ज्यांना आधीच्या शाळेने हळूच दार दाखवलेलं. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०१९ साली हिशेब मांडला: ५८ यूटीसी उघडल्या, त्यांतल्या १० बंद झाल्या, आणि उरलेल्या सरासरी ४५ टक्केच भरलेल्या. वॉल्सॉलची ब्लॅक कंट्री यूटीसी तर २०११ ला उघडून २०१५ ला बंदही झाली. ब्लॅक कंट्री म्हणजे साखळदंड, कुलुपं, खिळे यांचं आगर. तिथल्या भट्ट्यांच्या धुराने आभाळ काळं होई म्हणून ते नाव पडलं असं म्हणतात. तिथे तंत्रशाळा चार वर्षं टिकू नये?

त्यात मोजपट्टीही दुसऱ्यांची. २०१६ पासून माध्यमिक शाळांना प्रोग्रेस ८ या आकड्याने मोजायला लागले. मूल अकराव्या वर्षी कुठे होतं आणि सोळाव्या वर्षी कुठे पोहोचलं, यांतलं अंतर. कल्पना वाईट नाही. पण यूटीसीकडे मूल येतं चौदाव्या वर्षी. पाचांतली तीन वर्षं दुसऱ्या शाळेत गेलेली, आणि निकाल मात्र सगळा यूटीसीच्या नावावर. शिवाय त्या आकड्यात इतिहास, भूगोल, परकी भाषा अशा विषयांना मोठी जागा राखलेली, इंजिनिअरिंगला तेवढी नाही. पुढे शिक्षण खात्यानेच मान्य केलं की यूटीसींसाठी हे माप फारसं योग्य नाही. तोवर पालकांनी वृत्तपत्रांतल्या याद्यांमध्ये त्या शाळा तळाशी पाहिल्या होत्या.

बरेच जण म्हणतात की वय चुकलं, चौदा नको होतं. मला ते पटत नाही. अकराव्या वर्षी घेऊन १९४४ नंतर पाहिलं, तेव्हाही हेच झालं. तेराव्या वर्षी घेणाऱ्या ज्युनिअर टेक्निकल शाळा चालल्या, कारण तेव्हा कामगार घरातल्या मुलासमोर दुसरी वाटच नव्हती आणि कारखान्याची वाट खरी होती. वय कुठलंही धरा. आधी दुसऱ्या कुणी निवडायचं आणि टेक्निकलने नंतर, हा क्रम तोच राहिला तर वयाने काही बदलत नाही.

माझ्या लेकीच्या जुन्या शाळेतल्या बाई मायाळू होत्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. "ती तर एवढी हुशार आहे," त्या म्हणाल्या, "तिला तिकडे कशाला पाठवता?" त्याच आठवड्यात आईचा फोन आला. तिने बातमी ऐकली, आणि थोडं थांबून म्हणाली, "अरे, एवढी हुशार पोरगी, आणि तिला लोखंड घासायला धाडतोस होय?" मी टेक्निकलला गेलो तेव्हा हीच आई पेढे वाटत होती. तिला दोष कसा देऊ? मी मुलगा होतो आणि त्या वाटेने घरात पगार येणार होता. नात विलायतेत आहे, म्हणजे तिने डॉक्टर व्हावं. आपल्याकडे हात आणि डोकं वेगळं करायला समितीचा अहवाल लागला नाही. ज्याच्या हातात हत्यार त्याला पोथीचा अधिकार नाही, हे जन्मावरच ठरवून टाकलं होतं. इंग्लंडमध्ये ते सामाजिक वर्गाने केलं. आई आणि बाई एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, भेटणारही नाहीत, पण दोघींच्या बोलण्यामागे ती जुनी उतरंड आहे.

आमच्याच जिल्ह्यातले जे. पी. नाईक हे भारताच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६ च्या त्या अहवालाने सांगितलं होतं की कार्यानुभव प्रत्येक मुलाला द्या. निवडक मुलांना वेगळं काढून नव्हे, प्रत्येकाला. आमच्या पिढीच्या वाट्याला त्याचं काय आलं, तर आठवड्याचा एक तास आणि खडूचे डबे. पण ते होऊ शकतं हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला दिसलं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ साली त्या कोरडवाहू गावात आले आणि विज्ञान आश्रम काढला. नेहमीच्या हायस्कूलची मुलं, सगळी मुलं-मुली, आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग करतात, वीज जोडतात, माती तपासतात, रक्तगट तपासतात, आणि ते गावाच्या उपयोगी पडतं. तिथे 'टेक्निकलची पोरं' असा वेगळा कळप नाही. मी पाबळला गेलो होतो तेव्हा एक मुलगी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून मला पाण्याच्या टाकीच्या स्टँडचा हिशेब समजावत होती. त्रिकोणमितीचा तेवढा चांगला तास मी कॉलेजातही ऐकलेला नाही.

हल्ली बेकर यांची संस्थाही याच्या जवळ येते आहे. वेगळी शाळा काढण्याऐवजी नेहमीच्या शाळेतच चौदाव्या वर्षापासून यूटीसीच्या धर्तीचा तांत्रिक प्रवाह सुरू करावा, असं ते सुचवतात. मला ही कल्पना आवडते, आणि तितकीच धास्तीही वाटते. त्या प्रवाहात कुणाला बसवायचं हे हेडमास्तर ठरवणार की मूल ठरवणार, यावर सगळं अवलंबून आहे.

लेक यूटीसीत गेली. पहिलं वर्ष अवघड होतं. मैत्रिणी सुटल्या, बसचा प्रवास लांब, आणि वर्गात मुली अगदी थोड्या. काही मुलं अशी, की ज्यांना शाळा या गोष्टीचाच राग. पण मी तिथे त्या रागावलेल्या मुलांना पाहिलं आहे. मोटार कंपनीतून आलेल्या बाईंनी ब्रॅकेटचं वजन कमी करायचं काम दिलं होतं. मजबुती तीच ठेवायची आणि धातू कमी वापरायचा. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा त्यांच्याशी अर्धा तास वाद घालत होता, हातात थ्री-डी प्रिंटरवर स्वतः छापलेला नमुना घेऊन. वाद बरोबर होता, बाईंनी मानला. असं एकदा घडलं की त्या मुलाचं गणितही सुधारतं, हे मी त्याच्या शिक्षकांकडून ऐकलं. आणि बाहेर पडल्यावर समोर काय, याचं उत्तर आता इथेही तयार होतं आहे: २०१५ पासून डिग्री अ‍ॅप्रेंटिसशिप आहे, नोकरीचा पगार घेत विद्यापीठाची पदवी, आणि फीचं कर्ज नाही. तिच्या शाळेतली मोठी मुलं त्या वाटेने गेली आहेत. खालच्या वर्गातली मुलं ते बघतात.

यंदा आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीत नेहमीचाच विषय निघाला. अकरा-प्लस, म्हणजे ग्रामर शाळांची ती अकराव्या वर्षीची परीक्षा. कुठली शिकवणी, कधीपासून, किंग एडवर्डच्या ग्रामर शाळांपैकी कुठली वरची. आठ वर्षांच्या मुलांच्या आईबापांचे चेहरे ओढलेले. नाशिकचे एक गृहस्थ माझ्या शेजारी होते. त्यांची मोठी मुलगी परीक्षेत थोडक्यात राहिली होती आणि तेव्हापासून घरात नीट बोलत नव्हती. मी यूटीसीचं सांगितलं. त्यांनी कान देऊन ऐकलं, मग विचारलं, "प्रवेश परीक्षेला किती कॉम्पिटिशन असतं?" मी म्हटलं, परीक्षाच नसते. "अच्छा," म्हणाले, आणि त्यांची नजर मोदकांच्या ताटाकडे वळली.

त्यांच्या पत्नीने मात्र विषय सोडला नाही. "तिथे मुली आहेत का हो? आणि सुरक्षित वाटतं का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर माझी लेक पलीकडच्या ओळीतून उठून आली आणि त्यांच्या मुलीच्या शेजारी जाऊन बसली. तिने काही खपवायचा प्रयत्न केला नाही. मुली कमी आहेत, पहिले काही महिने एकटं वाटतं, शाळा सुटायला पाच वाजतात, असं सगळं खरं सांगितलं. मग फोनवर स्वतः लेथवर केलेल्या शाफ्टचा फोटो दाखवून टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते समजावायला लागली. ती मुलगी आधी नुसती ऐकत होती. मग तिने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला आणि विचारलं, "हे किती वेळा चुकलं?" दोघींचं बराच वेळ चाललं होतं. निघताना तिच्या आईने माझ्याकडून ओपन इव्हिनिंगची तारीख लिहून घेतली.